मोटारीचा दिवा आणि समोरचा वाटसरू

मोटारीच्या पुढचा दिवा जळून गेला म्हणजे त्याच्या जागीं कोणता दिवा बसवावा, हा प्रश्न इतिहासाच्या लेखास विषय कसा होऊं शकतो, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. ज्याची गाडी त्यानें बाजारांत जावें, पैसे मोजावे आणि दिवा घेऊन यावें. त्यांत इतिहास तो कसला? परंतु विरारच्या बाजारांत सुट्या भागांच्या एकाद्या दुकानासमोर घटकाभर उभें राहून गिऱ्हाइकांचें बोलणें ऐकावें. बहुतेकांची मागणी एकच असते : "उजेड जास्त पडेल असा द्या." दुकानदारहि व्यवहारी. तो शंभर वॅटचे, निळ्या छटेचे, चुन्यासारखा पांढरा झोत टाकणारे दिवे काढून पुढें ठेवतो आणि सौदा संपतो. या मागणींत एक समज गृहीत धरलेला आहे. तो असा कीं, मोटारीच्या दिव्याची सुधारणा म्हणजे उजेडाची वाढ. या दिव्याचा सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र निराळीच गोष्ट दिसून येते. उजेड कसा वाढवावा ही अडचण त्या इतिहासाच्या आरंभीच्या वीस-पंचवीस वर्षांतच बव्हंशीं सुटली. पुढें सारें शतक त्या उजेडाला आवर कसा घालावा या विवंचनेंत गेलें.

विषय हवेंत राहूं नये म्हणून आम्ही आगाशीचा रस्ता डोळ्यांपुढें ठेवतों. आगाशी हें वसई तालुक्यांतील जुनें बंदर. सोळाव्या शतकांत येथें मोठीं जहाजें बांधलीं जात, आणि १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनीं हें गांव जाळिलें. १७३७ मध्यें जवळचा अर्नाळ्याचा किल्ला व १७३९ मध्यें वसई मराठ्यांच्या हातीं आली, हें वाचकांस ठाऊकच आहे. पुढें १८६४ मध्यें मुंबई-सुरत लोहमार्ग झाला, १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस रोजची गाडी सुटूं लागली, आणि समुद्राकडे पाहणाऱ्या या गांवानें आपलें तोंड विरार स्टेशनाकडे फिरविलें. विरारहून बोळींजवरून आगाशीस व तेथून अर्नाळ्यास जाणारा रस्ता हाच तेव्हांपासून त्याचा खरा राजमार्ग. सुकेळ्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गांवच्या वाड्यांतून केळीं, विड्याचीं पानें, फुलें व भाजी पहांटेच्या गाडीनें मुंबईस जात. वसईच्या पट्टींत पहांटे अंधारांत पाटी डोक्यावर घेऊन निघणाऱ्या बायाबापड्या हें दृश्य अजून अगदींच नाहींसें झालेलें नाहीं. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्यें पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या, आगाशीच्या जैन मंदिरास येणाऱ्या यात्रेकरूंच्या मोटारी वाढल्या. हमरस्त्यावर खांबांचे दिवे आहेत. परंतु वाड्यांमधून गेलेले आडरस्ते अरुंदच राहिले, आणि त्यांवर पायीं चालणारा माणूस व मोटार यांची गांठ रात्रीं समोरासमोर पडते. प्रश्न तेथला आहे.

मोटार येण्यापूर्वीं रात्रींच्या वाटेवर उजेड नसे असें नाहीं; पण त्याचें काम निराळें असे. सरदाराच्या पालखीपुढें मशालजी धांवे आणि मधून मधून बुधलींतलें तेल मशालीवर ओती. त्या उजेडानें वाट जितकी दिसे, तितकाच पालखींतील माणसाचा थोरपणाहि दिसे. बैलगाडीच्या आंसाखालीं टांगलेला कंदील याहून नम्र आणि, आमच्या मतें, याहून शहाणा. तो बैलांना वाट दाखविण्यासाठीं नसे. बैलांना वाट पाठ असे, आणि गाडीवान तर पुष्कळदां निजलेलाच असे. येथें गाडी आहे, अंगावर येऊं नका, एवढेंच तो कंदील येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगे. स्वतःला दिसावें म्हणून लावलेला उजेड एक, आणि आपण दुसऱ्याला दिसावें म्हणून लावलेला दुसरा. मोटारीच्या दिव्यावर हीं दोन्ही कामें एकदम येऊन पडलीं, आणि तीं एकमेकांशीं भांडूं लागलीं.

एकोणिसावें शतक संपतां संपतां मुंबईंत पहिल्या मोटारी आल्या, तेव्हां त्यांच्यावर बग्गीचेच दिवे होते; आंत तेलाची वात, बाहेर कांच आणि पितळेची चौकट. शहरांत १८६५ पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे असल्यामुळें तेवढ्यानें निभावून जाई. शहराबाहेर मात्र निभावेना. बैलगाडी एका सेकंदांत फारतर सव्वा मीटर पुढें जाते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तेवढ्याच अवधींत सोळा मीटरांहून अधिक जाते. त्या काळच्या मोटारी इतक्या वेगवान् नसल्या तरी तेलाच्या वातीच्या टप्प्याबाहेर त्या केव्हांच गेल्या होत्या. उजेड हवा होता, आणि तो एका दगडांतून मिळाला.

१८९२ मध्यें अमेरिकेंत टॉमस विल्सन हा गृहस्थ विजेच्या भट्टींत चुना व डांबर तापवून भलताच धातु मिळविण्याच्या खटपटींत होता. धातु मिळाला नाहीं. काळसर दगडासारखा एक पदार्थ हातीं आला. तो पाण्यांत टाकतांच वायु सुटला आणि तो वायु जळूं लागला. हेंच तें कॅल्शियम कार्बाइड. पॅरिसमध्यें आंरी म्वासां या रसायनशास्त्रज्ञासहि त्याच सुमारास तें साधलें. यावरून जो दिवा तयार झाला त्याची रचना मोठी गमतीची आहे. वरच्या कप्प्यांत पाणी आणि खालच्या कप्प्यांत कार्बाइडचे खडे. मधल्या तोटींतून पाण्याचा एक एक थेंब खड्यांवर पडतो, ॲसिटिलीन वायु सुटतो, नळीनें ज्योतीपर्यंत जातो आणि पांढऱ्या स्वच्छ उजेडानें जळतो. मागें चकचकीत आरसा बसविला कीं रस्ता दूरवर उजळतो. त्रास मात्र थोडाथोडका नसे. मोटार थांबवून, खालीं उतरून, कांच उघडून कांडी ओढावी लागे. पाणी बंद केलें तरी भिजलेल्या खड्यांतून वायु येतच राही. सकाळीं उरलेली चुन्याची राड खरवडून काढावी लागे, आणि कमअस्सल कार्बाइड असलें तर लसणीसारखा उग्र दर्प हातांस लागून राही. तरी त्या काळीं या दिव्यांचा खप इतका होता कीं, फ्रान्समध्यें लुई ब्लेरिओ यानें ते विकून पैसा केला आणि तो विमानांच्या प्रयोगांत घातला. २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्र विमानानें प्रथम ओलांडणारा तो हाच. मोटारीवरून उतरल्यावर कार्बाइड आपल्याकडे सायकलींच्या दिव्यांत गेलें, जत्रेंतल्या खेळण्यांच्या व मिठाईच्या दुकानांवर भुरभुर जळत राहिलें, आणि तेथूनहि विजेनें हांकलल्यावर फळांच्या गोदामांत शिरलें. त्यानें फळें पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे. एकेकाळीं रस्ता दाखविणाऱ्या या वस्तूची शेवटची ओळख आंबे-केळीं पिकविण्याचें विष म्हणून व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

विजेचा दिवा मोटारीस पूर्वींपासून ठाऊक होता. १८९८ मध्येंच एका अमेरिकन मोटारीस तो मागणीप्रमाणें बसवून मिळे. पण दिव्यांतला कार्बनचा तंतु रस्त्याच्या खडखडाटानें तुटे, आणि त्यास पुरेल इतकी वीज गाडींत तयार होत नसे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यानें टंगस्टन धातूची मजबूत तार काढण्याची युक्ति सिद्ध केली, १९१२ मध्यें कॅडिलॅक मोटारींत डायनॅमो, विजेरी व विजेचे दिवे हे एकत्र येऊन स्थिरावले, आणि पुढच्याच वर्षीं अर्व्हिंग लँगम्यूर यानें दिव्याच्या गोळ्यांत निष्क्रिय वायु भरून तारेचें आयुष्य व तेज दोन्ही वाढविलें. उजेडाची टंचाई येथें संपली.

आणि येथूनच खरें संकट उभें राहिलें. कार्बाइडची ज्योत चांगली बोटभर रुंद. तिचा उजेड आरशावरून परतला तरी थोडासा विस्कटलेलाच असे. टंगस्टनची गुंडाळलेली तार मात्र तांदळाच्या दाण्याएवढी लहान. खोलगट आरशाच्या ठराविक बिंदूवर ती नेमकी बसली कीं सगळा उजेड एका झोतांत गोळा होऊन सरळ पुढें जातो. पुढें ज्याचे डोळे असतील ते दिपून जातात. दिपलेला डोळा झोत निघून गेल्यावरहि कांहीं क्षण आंधळाच असतो, आणि वय वाढेल तसतसे हे क्षण वाढत जातात. म्हणजे मोटारवाल्यास जितकें अधिक दिसूं लागलें तितकें समोरच्यास कमी दिसूं लागलें; आणि समोरचाहि मोटारवालाच असेल तर दोघेहि आंधळे. यावर लोकांनीं नाना उपाय केले. कोणी दांडा ओढून सबंध दिवाच खालीं वांकविला. इंग्लंडांत तर डिपर दाबला कीं एक दिवा विझे व दुसरा डावीकडे खालीं वळे, असली योजनाहि कांहीं वर्षें चालली. खरा तोडगा १९२४-२५ च्या सुमारास जर्मनींत ऑसराम कंपनीनें काढलेल्या बायलक्स नांवाच्या दिव्यानें मिळाला.

हा दिवा आमच्या मतें या सबंध इतिहासाचा मध्यबिंदु होय; कारण पुढचे बहुतेक दिवे त्याचेच वंशज आहेत. एकाच गोळ्यांत दोन तारा. एक आरशाच्या नेमक्या बिंदूवर. ती लांबवरचा झोत देते. दुसरी तिच्या किंचित् पुढें, आणि तिच्या खालीं धातूची एक चिमुकली वाटी. या वाटीमुळें दुसऱ्या तारेचा उजेड खालच्या बाजूस जाऊंच शकत नाहीं. तो केवळ आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परतून खालीं रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांकडे जाणारा उजेड अशा रीतीनें उगमापाशींच अडविला जातो. वाटी किंवा तार एकाद्या मिलिमीटरानें जरी इकडेतिकडे झाली तरी सगळा हिशेब चुकतो. चालकानें बोटाने किंवा जुन्या गाड्यांत पायानें बटण दाबावें आणि एका तारेवरून दुसरीवर जावें, एवढेंच काय तें काम. आपल्याकडे मालमोटारींच्या पाठीवर "यूज डिपर ॲट नाईट" असें रंगविलेलें असतें, तो डिपर म्हणजे हीच सोय.

आतां आपल्याकडील एका विलक्षण प्रथेकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत, आणि पुढें १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या वेळीं मुंबईंत अंधारबंदी होती. खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग लागला. युद्धें संपलीं, कागद निघाले, पण दिव्यांवरचा काळा रंग गेला नाहीं. समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून कांचेच्या वरच्या अर्ध्या भागास काळें फांसावें, किंवा मधोमध काळा ठिपका काढावा, ही चाल आपल्याकडे कितीतरी वर्षें चालू राहिली. हेतु चांगला, यांत संशय नाहीं. पण वर सांगितलेली रचना लक्षांत घेतली तर परिणाम काय होतो पाहा. खालीं वांकणारा, निरुपद्रवी उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्यांतून येतो. म्हणजे कांचेचा वरचा भाग काळा केला कीं नेमका तोच उजेड मारला जातो. लांबवरच्या, डोळे दिपविणाऱ्या झोताचा खालचा अर्धा भाग मात्र मोकळाच राहतो. ज्याला कोंडावयाचें तो बाहेर आणि ज्याला सोडावयाचें तो आंत! बरें, डिपर दिल्यावर रस्ता दिसेनासा झाला म्हणजे चालक काय करणार? तो डिपर देणेंच सोडून देतो. दिव्याच्या आंत काय चाललें आहे हें न पाहतां बाहेरून त्यास शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो फसला यांत नवल नाहीं.

याच काळांत परदेशांत आणखी दोन सुधारणा झाल्या. १९४० पासून अमेरिकेंत आरसा, तार व कांच एकत्र बंद केलेला सात इंची वाटोळा दिवा सर्रास झाला. तार गेली कीं सबंध दिवाच बदलावयाचा. युरोपांत १९५७ च्या सुमारास एकीकडे झुकता उजेड आला, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूस उजेड खालीं, आणि रस्त्याच्या आपल्या कडेला थोडा वर चढता, जेणेंकरून पादचारी दिसावा. आपण डावीकडून चालणारे. तेव्हां आपला उजेड डावीकडे वर चढला पाहिजे. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीं बनविलेला परदेशी दिवा कोणी स्वस्तांत आणून येथें बसविला, तर तो रस्त्याची डावी कड अंधारांत ठेवून समोरच्या माणसाच्या डोळ्यांत उजेड घालतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली फियाट, जी पुढें पद्मिनी झाली, तिचे वाटोळे दिवे दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती गेली.

१९५९ पासून हॅलोजनचा दिवा आला. त्यांत आयोडीन किंवा ब्रोमीन असतें. तापून उडालेलें टंगस्टन कांचेवर काजळीसारखें न बसतां परत तारेकडेच येतें, म्हणून दिवा लहान, प्रखर आणि टिकाऊ होतो. मोटारींसाठीं एका तारेचा एच-१ हा १९६२ मध्यें, आणि दोन तारांचा, तीच ती वाटी असलेला एच-४ हा १९७१ मध्यें आला. आपल्याकडील अगणित मोटारींत आजहि हाच एच-४ आहे. बारा व्होल्टवर त्याच्या लांबच्या तारेस ६० वॅट व खालच्या तारेस ५५ वॅट. बाजारांत याच आकाराचा १००/९० वॅटचा दिवा मिळतो आणि तो बसतोहि. म्हणूनच तो घातक. त्याच्या उष्णतेनें खोबण वितळते, तारा तापतात, आरशाचा मुलामा काळवंडतो. आणि खालच्या तारेचा जो थोडासा उजेड अपरिहार्यपणें वर सांडतो तोहि त्याच प्रमाणांत वाढतो.

आगाशीसारख्या गांवीं तर आणखी एक गोष्ट आहे. दिवा मंद झाला म्हणजे दोष दिव्याचाच असतो असें नाहीं. तारेचा उजेड विजेच्या दाबावर फार अवलंबून असतो. दाब शेंकडा दहा कमी झाला तर उजेड शेंकडा सुमारें तीस कमी होतो. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यानें गाडीच्या अंगाला जोडलेली अर्थची तार गंजते, जोड सैल होतात, आणि बारा व्होल्टांतले एक-दोन व्होल्ट वाटेंतच गडप होतात. अशा वेळीं जबर दिवा घेणें म्हणजे गळक्या घागरींत अधिक पाणी ओतणें. आधीं जोड घांसून स्वच्छ करावे, दिव्यास रिलेमधून सरळ विजेरीची वीज द्यावी, आणि मग जुन्याच जातीचा, नामांकित कारखान्याचा दिवा बसवावा. तोहि दोन्ही बाजूंस एकदम, म्हणजे एक पिवळा व एक पांढरा अशी तऱ्हा होत नाहीं. निळ्या रंगाच्या कांचेचा दिवा घेऊं नये. ती निळाई उजेडांत भर घालीत नाहीं, उलट कांहीं उजेड गाळूनच टाकते. हॅलोजनच्या कांचेस बोट लावूं नये. बोटांच्या तेलकटपणानें कांच त्या ठिकाणीं जास्त तापून दिव्याचें आयुष्य कमी होतें.

राहतां राहिला सध्यांचा एलईडी दिवा. त्याच्यासाठींच बनविलेल्या आरशांत तो उत्तम काम देतो. २००७ पासून मोठ्या मोटारींत तो येऊं लागला आणि आतां साध्या गाड्यांतहि आहे. वाद आहे तो जुन्या हॅलोजनच्या आरशांत एलईडी खुपसण्याचा. हॅलोजनची तार चहूंबाजूंस सारखा उजेड टाकते व आरशाचें सगळें गणित त्यावर बसविलेलें असतें. एलईडीच्या चकत्या एका पातीच्या दोन अंगांस चिकटविलेल्या; त्यांचा उजेड उगमापाशींच निराळा, म्हणून परततोहि निराळा. गाडीच्या मालकास भिंतीवर लख्ख पांढरा उजेड दिसतो आणि तो खूष होतो. वाडीच्या वाटेवरच्या म्हाताऱ्यास मात्र त्या पांढऱ्या भिंतीपलीकडे कांहीं दिसत नाहीं. जर्मनीनें २०२० पासून असे कांहीं दिवे चालूं दिले आहेत, पण ते एकेका गाडीच्या दिव्यांत घालून तपासल्यावर, ठराविक गाड्यांपुरते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १०६ वा नियम तर याहून नेमका आहे. दिव्यापासून आठ मीटरांवर, उजवीकडे अर्ध्या मीटरावर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, तो माणूस दिपूं नये असें तो सांगतो. कायद्याच्या रुक्ष भाषेंत हा समोरून येणारा वाटसरूच उभा केलेला आहे, डोळ्यांच्या उंचीसकट.

दिवा बदलल्यावर गाडी सपाट जागीं भिंतीपासून दहा मीटरांवर उभी करावी आणि डिपर देऊन पाहावें. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षां सुमारें दहा सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. नाहीं पडली तर दिव्यामागच्या खिट्ट्या फिरवून ती तेथें आणावी. हें काम मिस्त्रीकडून करून घेतांना पुष्कळ लोक गाडी रिकामी नेतात आणि मग मागें केळ्यांचे घड किंवा घरचीं पांच माणसें भरून निघतात. गाडीचें नाक वर होतें आणि नीट लावलेला दिवाहि समोरच्याच्या तोंडावर येतो. यासाठीं हल्लींच्या बहुतेक गाड्यांत चालकाच्या हाताशीं शून्यापासून तीनपर्यंत किंवा त्याहून पुढें आंकडे असलेलें एक लहानसें चक्र असतें. गाडी भरली म्हणजे तें वरच्या आंकड्यावर न्यावयाचें, आणि माल उतरल्यावर पुन्हा शून्यावर आणावयाचें.